जाड पुस्तक आणि तीन तासांचं नाटक

आमच्या वाचनगटाचा हा कार्यक्रम तुम्ही नेहमी ऐकता, आणि मग भेटल्यावर आम्हाला प्रश्नही विचारता. मागच्या महिन्यात बाजारात एक मैत्रीण भेटली. म्हणाली, "तुम्ही ते जाडं फ्रेंच पुस्तक वर्षभर वाचत बसलात म्हणे. त्याचं नाटक आहे, सिनेमा आहे. तीन तासांत सगळं कळतं. मग वर्षभर डोळे कशाला शिणवायचे?"

प्रश्न अगदी रास्त होता. आपल्यापैकी कुणाकडे वेळ सांडलेला नाही. सकाळचा डबा, दुपारचं काम, संध्याकाळची भाकरी, त्यातून पंधरा-वीस मिनिटं सुटतात. ती कुठे घालवायची याचा विचार आपण करणारच. म्हणून आजच्या भाषणात या प्रश्नाचंच उत्तर द्यायचं ठरवलं आहे. जाड कादंबरी वाचून काय मिळतं, तिचं नाटक पाहून काय मिळतं, आणि दोन्ही केलं तर काय होतं, ते आमच्या अनुभवातून सांगतो.

पुस्तकाचं नाव 'ले मिझेराब्ल'. म्हणजे दुःखी, दीन, ज्यांना कुणी वाली नाही अशी माणसं. लेखक व्हिक्टर ह्यूगो. जन्म १८०२, मृत्यू १८८५. हे नाव आपल्याला अगदीच परकं नाही. साने गुरुजींनी याच कथेवरून 'दुःखी' ही कादंबरी मराठीत आणली, आणि १९५५ साली सोहराब मोदींनी यावरूनच 'कुंदन' हा हिंदी सिनेमा काढला. गटातल्या दोघीतिघींनी शाळेत असताना 'दुःखी' वाचलं होतं. मूळ पुस्तक केवढं मोठं आहे, हे मात्र आम्हाला हातात घेईपर्यंत माहीत नव्हतं.

ह्यूगोने हे पुस्तक १८४५ साली लिहायला घेतलं. १८४८ मध्ये फ्रान्समध्ये क्रांती झाली, तो राजकारणात पडला आणि लिखाण थांबलं. १८५१ मध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावली. ह्यूगोने त्याला उघड विरोध केला आणि त्याला देश सोडावा लागला. आधी ब्रसेल्स, मग जर्सी, मग ग्वेर्न्सी हे समुद्रातलं छोटं बेट. तिथल्या घरात वरच्या मजल्यावर समुद्राकडे तोंड करून, उभ्याने लिहायची त्याची सवय होती. जुनी पेटी उघडून त्याने अर्धवट राहिलेली कादंबरी पुन्हा हातात घेतली आणि १८६१ मध्ये पुरी केली. १८६२ मध्ये ती प्रसिद्ध झाली. सुरुवातीपासून शेवटापर्यंत धरली तर सोळा-सतरा वर्षं. आमचं एक वर्ष त्यापुढे काहीच नाही.

आता गोष्ट थोडक्यात सांगतो. ज्याँ व्हालज्याँ हा झाडं छाटणारा गरीब मजूर. विधवा बहीण आणि तिची सात मुलं याच्या जिवावर. एका हिवाळ्यात काम मिळत नाही, घरात अन्न नाही, म्हणून तो काच फोडून एक पाव चोरतो. पाच वर्षांची सक्तमजुरी होते. पळून जायचे प्रयत्न केले म्हणून शिक्षा वाढत जाते आणि तो १९ वर्षांनी, १८१५ साली सुटतो. हातात पिवळा दाखला, म्हणजे हा कैदी आहे असं जगाला ओरडून सांगणारा कागद. कुणी जेवायला देत नाही, कुणी झोपायला जागा देत नाही. एक म्हातारा बिशप त्याला घरात घेतो. हा रात्री त्याच्याच घरातली चांदी चोरून पळतो. पोलीस पकडून आणतात, तर बिशप म्हणतो की ती मीच दिली होती, आणि वर दोन चांदीच्या शमादान्या देतो. इथून व्हालज्याँचं आयुष्य पालटतं. तो नाव बदलून एका गावात कारखानदार होतो, पुढे त्या गावचा मेयर होतो. पण झावेर नावाचा पोलीस अधिकारी त्याचा माग सोडत नाही. फाँतीन ही त्या कारखान्यातली कामगार. तिची मुलगी कोझेत तेनार्दिए नावाच्या खाणावळवाल्याकडे ठेवलेली असते. फाँतीन मरते आणि व्हालज्याँ त्या मुलीला आपली म्हणून वाढवतो. पुढे पॅरिस, १८३२ सालचा उठाव, रस्त्यात उभारलेली बॅरिकेड, जखमी मारियसला पाठीवर घेऊन गटारांतून केलेला प्रवास, असं सगळं येतं.

इथे एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटतं, नाटकातला उठाव म्हणजे १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती. तसं नाही. तो जून १८३२ मधला, जनरल लामार्क यांच्या अंत्ययात्रेच्या वेळी पॅरिसमध्ये पेटलेला उठाव. दोन दिवसांत तो मोडून काढला गेला. ह्यूगोने मुद्दाम हरलेल्यांची गोष्ट निवडली.

एवढीशी गोष्ट, मग पुस्तक इतकं जाड का? कारण ह्यूगो मध्येच थांबतो. बिशपची गोष्ट सांगतो, तर व्हालज्याँ यायच्या आधी चौदा प्रकरणं फक्त बिशपवर. मग वॉटर्लूच्या लढाईवर एकोणीस प्रकरणं. मग जोगिणींच्या मठावर, चोरांच्या बोलीवर, पॅरिसच्या गटारांवर. पहिल्यांदा आम्हीही वैतागलो. एकजण म्हणाली, "कीर्तनकार पूर्वरंगातच अडकलाय, आख्यान कधी लावणार?" ही उपमा आम्हाला फार उपयोगी पडली. कीर्तनात पूर्वरंग नीट ऐकला नाही तर उत्तररंगातली कथा नुसती कथा राहते. इथेही तसंच आहे.

त्या चौदा प्रकरणांत काय आहे बघा. बिशपला पंधरा हजार फ्रँक वर्षाला मिळतात. त्यातले स्वतःच्या खर्चाला तो फक्त एक हजार ठेवतो, बाकी वाटून टाकतो. आपला मोठा वाडा इस्पितळाला देतो आणि इस्पितळाच्या लहान इमारतीत स्वतः राहायला जातो. घरात दोन वयस्क बायका, एक बहीण आणि एक काम करणारी. तुटपुंज्या पैशात घर चालवायचं त्यांनी. पूर्वीच्या श्रीमंतीतून एकच गोष्ट राहिली आहे, जेवणाची चांदी आणि त्या दोन शमादान्या. चांदीच्या चमच्याने जेवायची सवय मात्र सुटत नाही, असं तो बिशप कबूल करतो. हे सगळं वाचून झाल्यावर जेव्हा तो ती चांदी एका चोराला देऊन टाकतो, तेव्हा कळतं की ही नुसती वस्तू नव्हे, शेवटची हौस होती. आणि ती गेल्यावर स्वयंपाकघरातल्या बाईला काय वाटलं असेल, हेही कळतं. नाटकात हा प्रसंग काही मिनिटांत आटोपतो. तिथे बिशप देव वाटतो. पुस्तकात तो माणूस वाटतो.

वॉटर्लूची एकोणीस प्रकरणं मात्र आमच्यातल्या निम्म्या जणींनी चाळली, हे खरं सांगतो. चाळा, पण शेवटचं प्रकरण सोडू नका. लढाई संपल्यावर रात्री एक माणूस प्रेतांच्या अंगावरचे दागिने काढत फिरत असतो. तो तेनार्दिए. लुटता लुटता त्याच्या हातून एका जखमी अधिकाऱ्याचा जीव वाचतो, आणि तो अधिकारी म्हणजे मारियसचा बाप. पुढे मारियसला वाटत राहतं की या माणसाचं आपल्या घराण्यावर उपकाराचं ओझं आहे. ही एक गाठ माहीत नसेल तर पुढचं बरंच काही अधांतरी राहतं.

वाचायचं कसं, तेही सांगतो. या कादंबरीची प्रकरणं ३६५ आहेत. वर्षाचे दिवस तेवढेच. बरीचशी प्रकरणं लहान आहेत, दोन-चार पानांची. आम्ही रोज एक प्रकरण असा नेम धरला. सणासुदीला, लग्नसराईत नेम मोडला, मग रविवारी भरून काढला. दुसरं म्हणजे एक वही केली. डाव्या पानावर माणसांची नावं, उजव्या पानावर त्यांचं नातं. फ्रेंच नावं जिभेवर बसत नाहीत, पण चार वेळा मोठ्याने म्हटली की बसतात. तिसरं, आळीपाळीने मोठ्याने वाचलं. आमच्यात इंग्रजी वाचणाऱ्या तिघी. त्या वाचायच्या आणि लगेच मराठीत सांगायच्या. इसाबेल हॅपगुड यांचा इंग्रजी अनुवाद १८८७ सालचा, तो इंटरनेटवर फुकट मिळतो, भाषा जरा जुनी आहे. नॉर्मन डेनी यांचा १९७६ चा अनुवाद वाचायला सोपा जातो. त्यांनी मठावरचा आणि चोरांच्या बोलीवरचा असे दोन लांब भाग उचलून पुस्तकाच्या शेवटी ठेवले आहेत. ज्यांना ते वाचायचे त्यांनी शेवटी वाचावेत, ही सोय चांगली आहे. मराठीतून सुरुवात करायची असेल तर 'दुःखी' आहेच. आकाराने लहान आहे, पण कथेचा जीव त्यात आहे.

आता नाटकाकडे येऊ. या कादंबरीवर पहिल्यापासून नाटकं झाली. ह्यूगोचा मुलगा शार्ल याने केलेलं नाटक १८६३ मध्येच ब्रसेल्सला रंगभूमीवर आलं. पण आज जगभर गाजतं ते संगीत नाटक १९८० सालचं. संगीत क्लोद-मिशेल शोनबर्ग यांचं, फ्रेंच शब्द आलँ बुब्लिल आणि ज्याँ-मार्क नातेल यांचे. पॅरिसच्या एका मोठ्या क्रीडागृहात रोबेर ओसें यांनी ते बसवलं. त्या पहिल्या प्रयोगात पाव, तुरुंग, बिशप हा भाग नव्हताच. नाटक थेट कारखान्यापासून सुरू होत होतं. फ्रेंच प्रेक्षकाला आधीची गोष्ट लहानपणापासून पाठ. आपल्याकडे 'सौभद्र' बघताना अर्जुन कोण, हे कुणी सांगत बसत नाही, तसंच.

१९८५ मध्ये हे नाटक लंडनला गेलं, तेव्हा मात्र इंग्रज प्रेक्षकांसाठी आधीची गोष्ट जोडावी लागली. हर्बर्ट क्रेट्झमर यांनी इंग्रजी गाणी लिहिली, ट्रेव्हर नन आणि जॉन केअर्ड यांनी दिग्दर्शन केलं, निर्माते कॅमेरॉन मॅकिन्टॉश. ८ ऑक्टोबर १९८५ ला पहिला अधिकृत प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतल्या बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. लोकांनी मात्र तिकिटांसाठी गर्दी केली. थिएटरं बदलली, मध्ये खंडही पडले, पण लंडनमध्ये ते अजून चालू आहे. १९८७ मध्ये न्यूयॉर्कला गेलं आणि तिथे त्याला आठ टोनी पारितोषिकं मिळाली. जाहिरातीवर जिचं चित्र दिसतं, ती विस्कटलेल्या केसांची लहान मुलगी म्हणजे कोझेत. ते चित्र एमिल बायार या चित्रकाराने काढलेल्या जुन्या चित्रावरून घेतलं आहे. त्यात तिच्या हातात तिच्यापेक्षा मोठा झाडू आहे.

आम्ही लंडनला गेलो नाही, हे सांगायला नको. नाटकाला दहा वर्षं झाली तेव्हा १९९५ मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठी मैफल झाली होती. तिचं चित्रण मिळतं. नट पोशाख घालून ध्वनिक्षेपकासमोर उभे राहून गातात. शेवटी वेगवेगळ्या देशांतले सतरा व्हालज्याँ येऊन आपापल्या भाषेत गातात. आम्ही ते समाजमंदिरात भिंतीवर चादर लावून पाहिलं.

आपल्या संगीत नाटकात आणि यात एक फरक आहे. आपल्याकडे गद्य संवाद चालू असतात, मध्येच पद येतं, कथा थांबते, वन्समोअर मिळतो. इथे जवळजवळ सगळंच गायलं जातं, भांडणसुद्धा. त्यामुळे सुरुवातीला गोंधळायला होतं. पण पुस्तकात लेखक मध्येच येऊन जे समजावून सांगतो, ते इथे चाल सांगते. उदाहरण देतो. मरताना फाँतीन मुलीला हाक मारत गाते. पुढे बऱ्याच वर्षांनी एपोनीन, तेनार्दिएची मुलगी, रात्री रस्त्यावरून एकटी चालताना मारियसची आठवण काढत गाते. दोघींच्या गाण्याची चाल एकच आहे. कुणी तोंडाने सांगत नाही, पण कानाला कळतं की या दोघींचं दुःख एका जातीचं आहे. गंमत म्हणजे पॅरिसच्या पहिल्या प्रयोगात ती चाल फाँतीनच्याच गाण्याची होती, लंडनला ती एपोनीनला दिली गेली. तसंच बिशपने सोडून दिल्यावर व्हालज्याँ ज्या सुरांत स्वतःशी भांडतो, त्याच सुरांत शेवटी झावेर स्वतःशी भांडतो आणि नदीत उडी घेतो. दोघांवरही कुणीतरी दया केलेली असते. एकाला ती पचते, दुसऱ्याला पचत नाही. पुस्तकाला हे सांगायला पानंच्या पानं लागतात.

आणखी एक गोष्ट फक्त रंगमंचालाच जमते. मध्यंतराआधी सगळी पात्रं एकाच वेळी गातात. व्हालज्याँला पळायचं आहे, मारियस आणि कोझेतला ताटातुटीचं दुःख, विद्यार्थ्यांना लढाईची घाई, झावेर टपून बसलेला, तेनार्दिए लुटीच्या विचारात. सगळ्यांची उद्याची वेगवेगळी वाट एकाच गाण्यात. पुस्तकात एका ओळीत एकच माणूस बोलू शकतो. त्या रात्री समाजमंदिरात हे गाणं संपल्यावर आमच्यातली सगळ्यात अबोल बाई टाळ्या वाजवत उभी राहिली.

मग बाजारातल्या मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे का? नाटक पुरे आहे का? इथे आम्हाला फाँतीनविषयी बोलायलाच हवं.

नाटकात फाँतीनची नोकरी कशी जाते? कारखान्यातला मुकादम तिच्यावर डोळा ठेवून असतो, ती त्याला दाद देत नाही. एक बाई तिच्या हातातलं पत्र हिसकावते, मारामारी होते, मुलगी असल्याचं उघड होतं आणि मुकादम तिला हाकलतो. प्रेक्षकांना लगेच कळतं, मुकादम वाईट. आपणही असे मुकादम पाहिले आहेत. राग येतो आणि रागाला जागा मिळते.

पुस्तकात मुकादम नाही. तिथे बायकांची खोली वेगळी आहे आणि तिच्यावर देखरेख करणारी बाईच आहे. व्हालज्याँने, म्हणजे मेयरसाहेबांनी, नियम केला आहे की बायकांची चालचलणूक स्वच्छ असली पाहिजे. नियम चांगल्या हेतूने केलेला. फाँतीनला सहीपुरतंच लिहिता येतं, म्हणून ती पत्र लिहिणाऱ्याकडून पत्रं लिहून घेते. तो माणूस दारू चढली की बोलून जातो. गावातल्या बायका कुजबुजायला लागतात. मादाम व्हिक्तुर्निएन नावाची छप्पन्न वर्षांची बाई तर स्वतःच्या खिशातले पस्तीस फ्रँक खर्चून त्या खाणावळीपर्यंत जाते, मुलगी डोळ्यांनी बघते आणि परत येऊन सांगते. देखरेखीची बाई फाँतीनला मेयरच्या नावाने पन्नास फ्रँक देते आणि गाव सोडून जा म्हणते. व्हालज्याँला यातलं काहीही ठाऊक नसतं. कुणाचीच वासना नाही, कुणाचाच फायदा नाही. सगळी सज्जन माणसं.

आमच्या गटात एक मैत्रीण आहे. ती घरी शिलाई करते, नगावर पैसे मिळतात. पुढची प्रकरणं वाचताना तिने वहीत हिशोब मांडला. पुस्तकातलेच आकडे आहेत. फ्रँकचे वीस सू. नोकरी गेल्यावर फाँतीन सैनिकांचे जाडेभरडे सदरे शिवते, दिवसाला बारा सू मिळतात. कोझेतच्या खर्चाचे तेनार्दिए महिन्याला आधी सात फ्रँक घ्यायचा, मग बारा, आता पंधरा. म्हणजे दिवसाला दहा सू. आईला उरले दोन. शेजारची एक म्हातारी तिला शिकवते, थंडीत विस्तवाशिवाय कसं राहायचं, परकराची दुलई आणि दुलईचा परकर कसा करायचा, समोरच्या खिडकीतल्या उजेडात जेवून मेणबत्ती कशी वाचवायची. मग तुरुंगाचं काम घेणारा एक कंत्राटदार कैद्यांकडून स्वस्तात शिवून घ्यायला लागतो आणि बाहेरचा भाव पडतो. सतरा तास शिवून नऊ सू. मुलीचेच दहा. आमची मैत्रीण म्हणाली, "आता इथून पुढे तिने काय केलं हे मला वाचून दाखवू नका. हिशोबातच दिसतंय." पुढे फाँतीन केस विकते, दात विकते, शेवटी शरीर विकते. प्रत्येक वेळी तेनार्दिएचं पत्र आलेलं असतं. नाटकात हा सगळा उतार एका गाण्यात आणि एका प्रसंगात येतो. गाणं काळीज हलवतं. पण त्यात नऊ सू नाहीत.

मग त्या मैत्रिणीने आणखी एक हिशोब केला. व्हिक्तुर्निएनबाईने चौकशीवर घातलेले पस्तीस फ्रँक म्हणजे सुरुवातीच्या दराने कोझेतचा पाच महिन्यांचा खर्च. "पैसे होते गं तिच्याकडे," ती म्हणाली.

त्यानंतर खोलीत कुणी बोललं नाही. याचं कारण आम्हालाच माहीत होतं, आणि ते आज इथे सांगायचं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. काही वर्षांपूर्वी आमच्याच बचत गटातून आम्ही एका बाईला कमी केलं. तिच्याविषयी बोललं जात होतं. कोण तिच्या घरी येतो, कधी येतो. खरं-खोटं आम्ही तिला विचारलं नाही. गटाचं नाव खराब होऊ नये म्हणून तिचे जमा पैसे पै न् पै मोजून परत दिले आणि आपण किती रीतीने वागलो याचं समाधान मानलं. तेव्हा तिचं शिलाई यंत्राचं कर्ज मंजूर व्हायचं होतं. ते राहिलं. त्यात कुणी मुकादम नव्हता. आम्हीच होतो.

नाटक पाहून आम्ही रडलो असतो आणि मुकादमाला शिव्या घालून घरी गेलो असतो. पुस्तकाने तेवढं करू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या चौघी तिच्या घरी गेल्या. तिने चहा केला. पावसाबद्दल बोलली, मुलीच्या दहावीबद्दल बोलली. गटात परत ये म्हटल्यावर म्हणाली, "बघू." ती अजून आलेली नाही. यावं की नाही हे तिने ठरवायचं आहे. आम्ही गटाचा एक नियम मात्र बदलला. एखादीबद्दल काही कानावर आलं, तर तिच्या पाठीमागे त्यावर निर्णय होणार नाही.

नाटकाला कमी लेखायचं म्हणून हे सांगितलं नाही. तीन तासांत गोष्ट सांगायची तर नाटककाराला एक मुकादम उभा करावाच लागतो. कुजबुज रंगमंचावर दिसत नाही, मारामारी दिसते. हेच तेनार्दिएचं. पुस्तकात तो अंगावर काटा आणतो. नाटकात तो आणि त्याची बायको हसवतात, कारण इतक्या दुःखात प्रेक्षकाला श्वास घ्यायला जागा हवी. गाव्रोश हा बॅरिकेडवर मरणारा चुणचुणीत मुलगा एपोनीनचा सख्खा भाऊ आहे, हेही नाटक पाहून कळत नाही. पुस्तकात तर तो रस्त्यावरच्या दोन लहान मुलांना आसरा देतो, आणि ती त्याचीच भावंडं असतात. तिघांनाही ते माहीत नसतं. आसरा कुठे, तर बास्तीच्या चौकात उभ्या असलेल्या प्लास्टरच्या प्रचंड हत्तीच्या पोटात. तो हत्ती पॅरिसमध्ये खरोखरच होता, १८४६ मध्ये पाडला. आपल्याकडेही जयवंत दळवींच्या 'महानंदा' कादंबरीवरून शं. ना. नवरे यांनी 'गुंतता हृदय हे' नाटक केलं. दोन्ही अनुभवलेल्यांना ठाऊक आहे, एकीच्या पोटची असून दोन्ही वेगळी.

आधी काय करावं, हा शेवटचा प्रश्न. आमचं मत असं की भीती वाटत असेल तर आधी नाटकाचं चित्रण पाहा. चेहरे आणि नावं जुळतात, चाली कानात राहतात, मग पुस्तक परकं वाटत नाही. निम्मं पुस्तक झालं की पुन्हा पाहा. काय गाळलं, काय बदललं ते शोधत पाहण्यात वेगळीच मजा आहे. आमच्यात यावरून भांडणंही झाली, आणि ती घरच्या भांडणांपेक्षा बरी.

हे एकदा जमलं की पुढे रस्ता मोकळा आहे. ह्यूगोचीच १८३१ ची 'नोत्र-दाम द पारी' ही कुबड्या घंटावाल्याची गोष्ट, तिच्यावर १९९८ मध्ये पॅरिसला संगीत नाटक झालं. गास्तों लरू यांची 'फँटम ऑफ द ऑपेरा' त्या मानाने लहान आहे, लवकर होते, तिचं संगीत नाटक १९८६ पासूनचं. आणि खूप मोठं हवं असेल तर अलेक्सांद्र द्युमा यांची 'काउंट ऑफ मॉन्ते क्रिस्तो'. ती १८४४ ते १८४६ वर्तमानपत्रात क्रमशः येत होती, त्यामुळे पुढे काय होणार ही हुरहूर सतत लागून राहते, अगदी आपल्या रात्रीच्या मालिकांसारखी. द्युमांनी स्वतःच तिचं नाटक केलं, तर १८४८ मध्ये ते दोन संध्याकाळी मिळून दाखवावं लागलं. लेखकालाही आपली गोष्ट एका रात्रीत बसवता आली नाही!

तर मैत्रिणींनो, बाजारात भेटलेल्या त्या मैत्रिणीला आमचं उत्तर असं. नाटक जरूर पाहा. आणि रोजची पंधरा मिनिटं त्या जाड पुस्तकालाही द्या. पुढच्या महिन्यापासून आम्ही पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरू करतो आहोत, दर बुधवारी दुपारी तीन वाजता, समाजमंदिरात. वाचता येत नसलं तरी चालेल, ऐकायला या. शिलाईचं काम सोबत आणलंत तरी चालेल. वही आमच्याकडे आहे.